शत्रूने वेळेवर माघार न घेतल्याबाबत

प्रति,
मा. उत्सव अधिकारी,
स्वातंत्र्यलढाई वर्धापनदिन शाखा,
नगर कार्यालय.

विषय : पिवळी चादर कार्यालयात जमा करण्याच्या आदेशाबाबत.
संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस, दि. १४.

महोदय,

गेल्या शनिवारी दुपारी सव्वाचारला आपण लढाई हरल्याचे मला कळले. केशकर्तनालयाचे मालक दरवर्षी शत्रूचे सेनापती असतात. ते तलवारीसकट जिना चढून आले आणि म्हणाले, "काका, आम्ही जिंकलो हो. आता काय करायचं?" त्यांचे पणजोबा खऱ्या लढाईत आपल्या बाजूने होते, त्यामुळे ते रडकुंडीला आले होते.

१. ज्या लढाईने आपला प्रांत स्वतंत्र झाला ती वर्धापनदिनाच्या प्रयोगात शत्रूने कशी जिंकली, असे आपण विचारले आहे. कारण असे की माझी पत्नी अकरा दिवस आधी वारली.

२. याचा खुलासा करतो. सव्वीस वर्षांपूर्वी पहिल्या प्रयोगात मैदानातली धूळ आमच्या गॅलरीत आली. वाळत घातलेली डबल चादर पत्नीने चिडून झटकली, मला दुसरे टोक धरायला लावून. शत्रूला वाटले, हीच माघारीची खूण. ते पळाले, टाळ्या पडल्या. तेव्हापासून चादर झटकल्याशिवाय शत्रू पळत नाही. हे कोणत्याही परिपत्रकात नाही, पण दोन्ही सैन्यांना पाठ आहे. ती चहाचे आधण ठेवून बाहेर यायची आणि म्हणायची, "पुरे झालं आता यांचं." एका वर्षी कार्यालयाने आमचा नळ तोडला होता. त्या वर्षी आपल्या सैन्याने दहा मिनिटे जास्त मार खाल्ला, हे मी कबूल करतो.

३. यंदाही तिने चादर आधीच धुऊन दोरीवर टाकली. त्याच दुपारी ती गेली. चादर तशीच राहिली. शत्रूला ती समोर दिसत होती, म्हणून ते वाट बघत लढत राहिले. शत्रुपक्षात गोदामातले हमाल आहेत आणि आपल्या बाजूला आपले लिपिक, हे आपण जाणताच. पाऊण तासात लिपिक खाली बसले. मग शत्रू मंचावर आला आणि आपण हात वर केलेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

४. मी एकट्याने चादर का झटकली नाही, या प्रश्नाचे उत्तर असे की ती एकट्याने झटकता येत नाही. पत्नी "एक, दोन" म्हणायची आणि दोनला झटका द्यायची. आपण पाठवलेले कनिष्ठ लिपिक काल कार्यालयाचे हिरवे टेबलक्लॉथ घेऊन सरावाला आले. ते तीनला झटका देतात. टेबलक्लॉथ खाली एका सायकलस्वाराच्या डोक्यावर पडले. त्याची सायकल मी दुरुस्त करून दिली आहे.

५. चादर "लढाई साहित्य" म्हणून सात दिवसांत जमा करावी, असा आपला आदेश आहे. स्मरणिकेत मंडपवाले, ध्वनिक्षेपकवाले आणि घोडा यांचे आभार दरवर्षी छापले जातात. पत्नीचे कधी छापले नाहीत. तिला पासही मिळाला नव्हता. गॅलरीतून चांगले दिसते, असे ती म्हणायची. नोंद करायची तर चादरीच्या आधी तिची करावी.

तरी विनंती की चादर माझ्याकडे राहू द्यावी. रविवारच्या फेरलढाईत मी माझे टोक धरीन. दुसरे टोक धरायला शत्रूचे सेनापती तयार आहेत. त्यांनी दोनलाच झटका देण्याचे कबूल केले आहे. त्यासाठी त्यांना लढाई अर्धवट सोडून आमच्या गॅलरीत यावे लागेल, त्यास परवानगी असावी.

चादरीचे एक टोक धरणारा,
आपला नम्र,
(सही)
सायकल दुरुस्तीवाला,
मैदानासमोर, दुसरा मजला.
दि. १९

सोबत :
१. मृत्यूचा दाखला.
२. हिरवे टेबलक्लॉथ, धुऊन.

चादर जोडलेली नाही. ती अजून दोरीवरून काढायची राहिली आहे.