तेविसाव्या डब्याचा आकडा

मी, कालेर्वो हुत्तुनेन, वय चौऱ्याहत्तर, हाउकियार्वी सरोवरावरच्या फेरीबोटीचा निवृत्त चालक, राहणार लेप्पालाहती, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, मी प्यायलेलो नाही, आणि हे लिहायला मला कोणी भाग पाडलेलं नाही. पोटात आजार आहे. सरोवरावरचा बर्फ वितळलेला मला बघायला मिळेल असं डॉक्टरीणबाईंना वाटत नाही. माझ्यामागे जे राहील त्याची व्यवस्था पुढीलप्रमाणे करावी.

एक. माझ्या बहिणीचा मुलगा अंतेरो याला माझी होडी द्यावी, इंजिनाशिवाय. इंजिन त्याने मी इस्पितळात असतानाच विकलं, आणि वर फोनवर मलाच म्हणाला, "मामा, तुम्ही आता कुठे जाणार होडी घेऊन?" वल्ही कोठीत आहेत. मारून बघ म्हणावं.

दोन. अंत्यविधीला रेइमाने अकॉर्डियन वाजवू नये. तो माझा चाळीस वर्षांचा मित्र आहे आणि चाळीस वर्षं त्याला एकच सूर येतो. कॉफी मात्र चांगली द्यावी, पाणी घालून वाढवलेली नव्हे.

तीन. बँकेत जे उरेल ते, माझं पिवळं जीपीएस यंत्र आणि सरोवराकाठी लपवलेले माझे बावीस डबे गावच्या लायब्ररीला द्यावेत. ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो. याला जिओकॅशिंग म्हणतात. आपण रानात डबा लपवायचा, आत छोटी वही ठेवायची, जागेचे आकडे इंटरनेटवर टाकायचे. लोक आकड्यांच्या मागे येतात, डबा शोधतात, वहीत नाव लिहितात आणि डबा होता तसा ठेवून जातात. एवढंच. आयुष्यभर मी माणसं या काठावरून त्या काठाला पोचवली, कोणी नाव विचारलं नाही. डबे लपवायला लागल्यावर जर्मनीहून माणसं आली आणि वहीत माझे आभार मानून गेली. वर्षातून दोनदा डब्यांतलं पाणी पुसावं, वह्या बदलाव्यात. खायचे पदार्थ ठेवू नयेत, कोल्हे झाकण चावतात.

चार. माझं घर, काठावरचं वाफेच्या अंघोळीचं सौनाघर आणि जळाऊ लाकडं हिल्का मुस्तोनेन हिला द्यावीत.

लोक विचारतील, हिल्काला का? ती माझ्या मित्राची, तेउवोची, विधवा. गेली सहा वर्षं दर गुरुवारी मला वाटाण्याचं सूप आणून देते. गाव म्हणेल, सुपाची परतफेड केली म्हाताऱ्याने. तसं नाही.

माझे बावीसच्या बावीस डबे सगळ्यांत आधी तेउवोने शोधले. आमच्यात पहिल्या सहीचा मोठा मान असतो. मी घरी येऊन बूट काढेपर्यंत हा पठ्ठ्या गाडी काढून निघालेला असायचा. प्रत्येक वहीच्या पहिल्या ओळीवर तेच, "तेउवो, पहिला," आणि पुढे मिनिटासकट वेळ. मग दुकानात कॉफी पिताना सगळ्यांसमोर म्हणायचा, "काय रे कालेर्वो, डबा लपवला होतास की दारात मांडून ठेवला होतास?" सगळे हसायचे. मीही हसायचो. पण मनात खुपायचं. खोटं कशाला लिहू, फार खुपायचं.

सहा वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी तेविसावा डबा लेप्पासारी बेटावर लपवला. हिवाळ्यात तिथे बर्फावरून चालत जाता येतं. आकडे टाकताना मी एक आकडा मुद्दाम बदलला, आठाच्या जागी तीन. त्यामुळे जागा नव्वद मीटर सरकली आणि बेटाबाहेर सरोवरात गेली. मला वाटलं होतं, पहिल्या सहीसाठी धावत येईल, सगळीकडे नुसता बर्फ बघेल, शिव्या घालेल आणि शेवटी मला फोन करून विचारेल. एकदा तरी त्याने मला विचारावं, एवढीच माझी हाव होती.

त्या नव्वद मीटरवर सामुद्रधुनीसारखी पाण्याची अरुंद पट्टी आहे. तिथे खालून पाणी वाहतं आणि बर्फ कधीच जाड होत नाही. मी तीस वर्षं त्या पाण्यावर बोट चालवली. हे मला ठाऊक नव्हतं असं कोणी म्हणू नये. आकडा बदलताना मला ते आठवलं नाही, हे खरं आहे. पण आठवायला हवं होतं. आदल्या दिवशी बर्फ पडून सगळं एकसारखं पांढरं झालं होतं. आणि आमच्यासारखी माणसं पायाखाली बघत नाहीत, हातातल्या आकड्याकडे बघतात.

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. तेउवो. मी उचलला नाही. नऊ बाराला पुन्हा वाजला. मी टेबलावर फोन ठेवून हसत बसलो. म्हटलं, विचार अजून, विचार.

त्याला दुपारी बर्फाखालच्या पाण्यातून बाहेर काढलं, मेलेला. पाणबुडे अजून काठावर होते तेव्हाच मी घरी येऊन आकडा दुरुस्त केला. तिनाचा आठ. मग कोणी तपासलं तरी डबा बेटावरच होता. तेउवोच्या खिशात दारूची बाटली सापडली. ती बंद होती. पहिली सही केल्यावरच तो एक घोट घ्यायचा, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तरी दुकानात कोणीतरी म्हणालं, प्यायला असेल, नाहीतर तेउवो तिकडे कशाला जाईल? आणि मी म्हणालो, "घेतली असेल थोडी, बिचाऱ्याने." माझ्या तोंडचं म्हटल्यावर गावाने ते खरं मानलं. हिल्कानेही मानलं. नाताळात सगळे आपापल्या माणसाच्या थडग्यावर मेणबत्ती लावतात, ही लावत नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "दारू पिऊन बर्फावर जाणाऱ्याला कसली मेणबत्ती?" आणि मी तिने आणलेलं सूप पीत राहिलो.

तेविसावा डबा मे महिन्यात आणून मी सौनाच्या भट्टीत जाळला. प्लास्टिकचा वास दोन दिवस गेला नाही.

हे सगळं सत्य आहे. कलम चार याच कारणाने केलं आहे.

जोडपत्र, सहीआधी लिहिलेलं. आज गुरुवार. रेइमा साक्षीला येऊन बसला होता, दुसरा साक्षीदार म्हणून दुकानदार यायचा होता. तेवढ्यात हिल्का सूप घेऊन आली. "काय लिहितोस एवढं? प्रेमपत्र?" असं म्हणाली. मी मेल्यावर हे तिला दुसऱ्या कोणीतरी वाचून दाखवलं असतं आणि मी तेवढ्यातूनही सुटलो असतो. म्हणून मीच मोठ्याने वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

ती उभीच होती. मग तिने विचारलं, "फोन दोनदा वाजला?"

"दोनदा."

"फोन लावण्याइतका शुद्धीत होता म्हणजे."

"होता."

"सहा वर्षं मी त्याच्या थडग्यासमोर उभं राहून त्याला शिव्या घातल्या, कालेर्वो. दारुड्या म्हटलं. माझ्या माणसाला."

मी माफी मागितली. तिने ऐकली की नाही मला माहीत नाही. ती टेबलाशी आली आणि म्हणाली, "पेन दे. दुसरी साक्ष मी घालते."

रेइमा ताडकन उठला. "अगं बाई, वेडी का खुळी? ज्याला मृत्युपत्रात मिळतं त्याची साक्ष चालत नाही. तू सही केलीस की तुझं कलम गेलं. घर त्या अंतेरोच्या घशात जाईल!"

"जाऊ दे," हिल्का म्हणाली. "याच्या घरात मी राहू? आणि नुसत्या याच्या सहीवर उद्या गाव म्हणेल, म्हातारा आजारात बरळला. माझी सही असली की कोणाची बिशाद आहे ते मी बघते."

आता आधी मी सही करतो, मग हे दोघे, एकमेकांसमोर. सूप ती परत नेते आहे. कलम चार आता रद्द समजावं, पण त्याखाली लिहिलेलं एक अक्षरही गाळू नये. ते दुकानात, कॉफीच्या वेळी, सगळ्यांसमोर वाचावं.

मुक्काम लेप्पालाहती, गुरुवार, १६ नोव्हेंबर २०२३

कालेर्वो हुत्तुनेन

आम्ही दोघे एकाच वेळी हजर होतो. कालेर्वोने शुद्धीवर असताना आणि स्वखुशीने सही केली.

साक्षीदार: रेइमा तुओविनेन
व्यवसाय: निवृत्त पोस्टमन

साक्षीदार: हिल्का मुस्तोनेन
व्यवसाय: तेउवो मुस्तोनेनची बायको