दुसरीच्या मापाचा झगा

१४ फेब्रुवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र नाही म्हणून रुसले होते, पण रुसून बसायला वेळ कुठे आहे? जुन्या फॅशनला पुन्हा ऊत आलाय. जी ती आजीचा फोटो घेऊन दुकानात येते आणि अगदी अस्साच शिवा म्हणते. फोटोतली आजी छडीसारखी, समोरची नात माझ्यासारखी घागर! मग मी समजावते की बाई गं, आजीची कॉलर घे, रुंद आणि पसरट, म्हणजे नजर वर राहील. खाली कमरेपासून घेर सोडू. पोट सुटलेलीला छातीखाली शिवण देते. आरशासमोर गेल्या की ताठ उभ्या राहतात, तेवढ्याने मी भरून पावते.

एका गिऱ्हाइकाचं मात्र मनातून जात नाही. करडी छत्री घेऊन येणाऱ्या एक बाई आहेत. दर वर्षी या सुमारास लांब राहणाऱ्या मुलीसाठी एक झगा शिवून नेतात, जुन्याच धाटणीचा. मापं तोंडी सांगतात आणि ती दर वर्षी थोडी वेगळी असतात. मला वाटायचं, मुलगी कळवत असेल. यंदा त्या दुकानातल्या पुतळ्यासमोर डोळे मिटून उभ्या राहिल्या. म्हणाल्या की आमच्या घरात तिशीनंतर बायका मांड्यांत भरतात, तिथे वाढवा; खांदेही जरा उतरले असतील, बैठं काम असणार तिचं. मी पुतळ्याला कापूस बांधत गेले आणि त्या अजून, अजून म्हणत राहिल्या. शेवटी पुरे म्हणाल्या आणि पुतळ्याच्या मानेवरून हात फिरवला, केस बाजूला करावेत तसा. पुतळ्याला डोकं नाही, ठके. दुकानात मला हसू आलं होतं. घरी आल्यावर मात्र सगळे दिवे लावून बसले.

तब्येत सांभाळ. आमच्यावरची माया उसवू देऊ नकोस.

तुझी ताई

२७ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र दवाखान्यात कामावर असतानाच वाचलं. आमचे दातांचे डॉक्टर म्हणाले की दात दुखतोय का, चेहरा असा का? अगं, ती मुलगी एकदाही स्वतः माप द्यायला का येत नाही? तू विचारलं कसं नाहीस? गिऱ्हाइकाच्या कमरेचा घेर विचारतेस, मग एवढं विचारायला जीभ का अडखळते?

आणि आजींच्या नातींना शिवतेस, सख्ख्या बहिणीला कधी? मी बापडी फळी. वरून खालपर्यंत एकच माप, मध्ये कंबर म्हणून देवाने नुसती खूण करून ठेवलीय. माझ्यासारखीला जुन्यातलं काही शोभतं का, ते कळव. पुढच्या महिन्यात चार दिवस येईन म्हणते.

तुझ्या रागासकट तू हवीच आहेस.

ठकी

६ मार्च

चि. ठकीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुला तिरक्या कापाचा झगा शोभेल. आडव्या-उभ्या धाग्यावर न कापता कोनात कापलं की कापड अंगावरून वाहतं आणि नसलेली कंबर दिसायला लागते. पण शिवायला येऊ नकोस. एवढ्यात तरी नको.

मी बाईंना विचारलं नव्हतं. काल त्यांचे यजमान आपणहून आले. मुलगी शाळा संपता संपता घरातून गेली, बटणं आणायला म्हणून. परत आलीच नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाले, सगळं झालं. आजीचे झगे कापून स्वतःच्या मापाचे करायचा नाद होता तिला. बाई अजून तिचं कपाट भरतात, झगे उन्हात घालतात, घड्या मोडतात. ते शिवू नका म्हणायला आले असतील असं मला वाटलं, पण तसं नव्हतं. ते म्हणाले की हिला यंदा झगा कोणाच्या तरी अंगावर चालताना बघायचाय, पुतळ्यावर नको म्हणते. तुमच्या ओळखीचं कोणी आहे का?

आता खरं सांगते. त्या दिवशी दुकानाच्या भिंतीवरच्या तुझ्या फोटोसमोर बाई बराच वेळ उभ्या होत्या. वय विचारलं, मी सांगितलं. तिचंही तेवढंच झालं असेल म्हणाल्या.

म्हणून येऊ नकोस. तुझ्या हट्टाला माझे हात जोडलेले आहेत.

ताई

२ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

पोचले. तू नको म्हणत असताना आले आणि त्यांच्या मुलीचा झगा अंगावर चढवला, त्या हट्टाची माफी मागत नाही. तू इस्त्री तापवायला आत गेलीस तेव्हाचं तुला सांगायचं राहिलं, कारण तिथे बोलवेना.

बाईंनी टाचण्या लावल्या. एकही टोचली नाही. मला कुठल्याच नावाने हाक मारली नाही. मांड्यांतली जादा शिवण आत घेत एवढंच म्हणाल्या की बारीकच राहिलीस. मग म्हणाल्या की दारातून नीघ, रस्त्याच्या वळणापर्यंत जा, मागे बघू नकोस. मी निघाले. ताई, वळणावरून परत फिरायचं होतं, पण पाय पुढेच गेले. औषधाच्या दुकानाआड जाऊन उभी राहिले. परत जावं तर त्यांचं पुन्हा काही हिसकावल्यासारखं होईल, न जावं तरी तेच. परत आले तेव्हा त्यांची खुर्ची रिकामी होती. झगा तिचाच आहे, तिच्याकडेच राहू दे, असं त्या सांगून गेल्याचं तू म्हणालीस.

तो मी घालते. डॉक्टर म्हणाले की तुम्ही इतक्या चांगल्या कधी दिसला नव्हता. खरंच, कंबर आहे मला! पण घरी येताना प्रत्येक वळणावर मान ताठ होते. पाठीवर कोणाची तरी नजर असते. वळून बघायचा धीर होत नाही. काढून ठेवावा तर हात बटणांपाशी थांबतात.

तुझ्याशिवाय हे कोणाला सांगू?

ठकी

१९ एप्रिल

चि. ठकीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

यजमान पुन्हा आले होते. बाई आता पोटभर जेवतात, झोपतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगतात की मुलगी येऊन गेली, बारीक झालीय, पण चालणं तेच आहे. ते माझ्यासमोर रडले. म्हणाले, इतक्या वर्षांत ही पहिल्यांदा हसली, आता मी खरं बोलू की गप्प राहू?

आज बाई स्वतः आल्या. येत्या थंडीसाठी आतापासूनच लोकरीचा झगा हवा म्हणाल्या, आणि मापं तोंडी सांगितली नाहीत. मुलीकडूनच मागवून घ्या म्हणाल्या. ठके, माझ्याने कात्री उचलवत नाही. तू सांगशील तसं करेन.

माया आहेच, ती आज जास्त लागणार आहे.

ताई

२५ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

मापं सोबत पाठवते. माझी आहेत. खांदे रुंद आहेत तसेच ठेव, कोणाच्या आठवणीसाठी उतरवू नकोस. मांड्यांत काही सोडू नकोस.

शिवून झाला की कळव. मी येईन, तो घालून थेट त्यांच्या घरी जाईन आणि घंटी वाजवीन. पाठमोरी नाही, समोरून. माझा चेहरा त्यांनी उजेडात बघायला हवा, तो तिचा नाही. त्यांनी तिच्या नावाने हाक मारली तर मी ओ देणार नाही. पण दारातून हलणारही नाही.

तू माझ्याबरोबर ये. रस्ताभर बोलत राहा.

तुझीच,
ठकी