पत्र्यावरची फांदी

अण्णा, मागच्या आठवड्यात मी एक करवत घ्यायला गेले. पेट्रोलवर चालणारी, दोन माणसांच्या उंचीएवढ्या लांब दांड्याच्या टोकाला साखळीचं पातं असलेली. जमिनीवर उभं राहून उंचावरची फांदी कापता येते. तुम्ही बांबूला कोयता बांधून तारांजवळचे फाटे काढायचात, त्यातलंच हे. अंगणातल्या कडुलिंबाची मोठी फांदी मागच्या खोलीच्या पत्र्यावर आली आहे. फाल्गुनातल्या वाऱ्यात तिच्या बुडाशी चीर पडली. त्या खोलीत चार मुली राहतात. वैशाखातले वारे सुटायच्या आत फांदी उतरवणं भाग होतं. तुमच्या वीज खात्याची माणसं येऊन बघून गेली. तारेला लागत न्हाई, आमचं काम न्हाई, म्हणाली. लाकूडतोडे अख्खं झाड मागतात, एका फांदीसाठी कुणी येत नाही.

या झाडाला हात लावायचा नाही, हा तुमचा शब्द. भूकंपानंतर तीन आठवडे तुम्ही औशाकडच्या गावांत विजेचे खांब उभे करत होतात. परत आलात ते तसेच माळवदावर चढलात आणि खोऱ्यानं माती खाली ओढायला लागलात. आई खालून म्हणत होती, "आवं, आधी दोन घास तरी खा." तुमचं खोरं थांबलं नाही. तिकडे मातीच्या छपरांखाली काय पाहिलंत, ते शेवटपर्यंत बोलला नाहीत. दोन महिने आपण झाडाखाली राहिलो. खोडाला आरसा, मुळांच्या मध्ये चूल. मी खोडाला टेकून परीक्षेचं वाचते आहे, आणि तुम्ही घागर खाली ठेवता ठेवता वर पानांकडे बघता. मग पत्र्याची खोली बांधलीत, तीही झाडाला लागून. तेव्हा सगळेच तसं करत होते. छपराची भीती होती, झाडाची कुणालाच नव्हती. पुढे नोकरी लागल्यावर मी एकदा लाकूडतोड्याला बोलावलं. तुम्ही त्याला चहा पाजून परत पाठवलंत आणि मला म्हणालात, "लई शिकलीस. कुठं बसून शिकलीस ते ध्यानात हाय का?"

लातूर आता तुम्हाला ओळखू येणार नाही. गल्लीत प्रत्येक घरावर मजला चढला आहे आणि प्रत्येक मजल्यावर मुलं आहेत. मी कॉलेजात मराठी शिकवायचे. शेवटच्या काही वर्षांत मुलांची नावं माझ्या पटावर असायची आणि मुलं क्लासला. रिकाम्या बाकांसमोर मी कविता वाचल्या आहेत. निवृत्त झाले, आणि तशीच मुलं भाडेकरू म्हणून घरात आली. मागच्या खोलीतल्या चौघी डॉक्टर व्हायच्या तयारीत आहेत. त्यांचा डबा मेसमधून येतो. माझ्याशी बोलायला त्यांना वेळ नसतो, आणि ते बरोबरच आहे. हदगावच्या मुलीनं एकदा विचारलं, "मॅम, पत्र्यावर कोण चालून राहिलंय?" फांदी घासते, म्हटलं. "मंग ठीक आहे. मला वाटलं, पप्पा मार्क बघायला आले." चौघी हसल्या आणि पुन्हा पुस्तकात गेल्या.

दुकानदार पिकल्या दाढीचे गृहस्थ. त्यांच्या आजोबांच्या वेळी तिथे विळे-कोयते मिळायचे, आता फवारणीचे पंप मिळतात. त्यांनी दोन यंत्रं पुढे ठेवली. "बाई, हे हलकं. जाड फांदीला येळ लागंल, टोकापासून तुकडे करत यावं लागंल. हे दुसरं जड, पण ताकद लई. खांद्यात पट्टा अडकवून वर धरायला गडी पाहिजे. चालवणार कोण?"

मी म्हणाले, "वडील."

"उंची?"

"सहा फुटाला थोडी कमी."

"काम काय करायचे?"

"लाईनमन. खांबावर चढायचे."

"वय?"

मी पट्ट्याचं बक्कल चाचपून बघितलं. ते हसले. "असू द्या. जुनं हाड हाय. हलकं दिलं तर म्हणतील, दुकानदारानं खेळणं दिलं." मी जड यंत्र घेतलं आणि रिक्षा केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्रोलमध्ये तेल मिसळलं, दोरी ओढली. यंत्र चालू झालं. दांडा छातीपर्यंत आला, त्याच्या वर जाईना. टोक झुकलं आणि पातं भिंतीला घासलं. धर्माबादची मुलगी ओट्यावर उभी होती. म्हणाली, "मॅम, ठेवा खाली. आम्हाला डॉक्टर व्हायला अजून टाइम आहे."

दुपारी यंत्र घेऊन पुन्हा दुकानात गेले. दुकानदारांनी विचारलं, "वडिलांना जमलं न्हाई?"

"वडील नाहीत," मी म्हणाले. "अकरा वर्षं झाली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. टाकीतलं पेट्रोल डब्यात ओतून घेतलं, हात पुसले आणि हलकं यंत्र काढलं. पट्टा माझ्या हातात देऊन म्हणाले, "तुमचा तुम्हीच घाला. आजून दोन भोकं आवळा. आता उचला." मी उचललं. दांडा वर गेला. "काल हेच करायला पाहिजे होतं मी," ते म्हणाले. "आधी खालून चीर द्या, मंग वरून कापा. न्हाईतर साल सोलत खोडापर्यंत जाती."

तीन सकाळी लागल्या. मुली क्लासला गेल्या की मी सुरू करायचे. टोकाचे फाटे आधी, मग हातभर लांबीचे तुकडे, एक-एक. दर तुकड्यानंतर खाली बसायचे. शेवटच्या तुकड्यानं पत्र्याचा एक कोपरा वाकवला, तेवढंच. चौघी परत आल्या. हदगावची मुलगी वर बघून म्हणाली, "लई ऊन आलं हो मॅम." मग तिनं खिडकीला पुठ्ठा लावला. रात्री मी जागी होते. पत्र्यावर कसलाच आवाज नव्हता.

हा कागद कुठे जाणार नाही. फांदीबद्दल माफी मागावी म्हणून लिहायला बसले होते, पण ती मागत नाही. फांदी काढायलाच हवी होती. सांगायचं राहिलं आहे ते वेगळंच. पहिल्या दिवशी ते जड यंत्र घेऊन येताना मी चौकात रिक्षा थांबवली आणि अंबाडीच्या भाजीच्या दोन जुड्या घेतल्या, तुम्ही असताना घ्यायचे तशा. मला अर्धी पुरते.