रेविनच्या बंदुकीचा चाप

क्लाइव्ह,

कालचं मटण फ्रिजमध्ये आहे, गरम करून घे. मी टिमारूला बहिणीकडे चाललेय.

आपल्या एअरगनचा चाप इतका कडक, की ओढताना माझी सांधेदुखीची बोटं ठणकायची आणि तोवर ससे कोबी खाऊन पसार व्हायचे. किती उन्हाळे तुला सांगत आले. "स्वस्तातल्या बंदुकीचा चाप असाच असतो, नोलीन. बोटात जोर हवा," म्हणायचास.

काल कुंपणापलीकडून रेविन म्हणाली, "अगं, क्लाइव्हने माझ्या बंदुकीचा चाप काय मऊ करून दिलाय! तुझा तर आधीच केला असेल ना?" तिची बंदूकही आपल्या बंदुकीसारखीच, त्याच दुकानातली. मी म्हटलं, "हो, कधीच!" खोटं बोलताना लाज मात्र मलाच वाटली.

आज तू परत तिच्याकडे गेलास, तेव्हा मीच बंदूक खोलली. आतले खरखरीत भाग बारीक पॉलिशपेपरने घासले, ग्रीस लावलं, पुन्हा जोडली. एका दुपारचं काम होतं रे. मग कोबीतला ससा पहिल्याच छऱ्यात पाडला. बोट जराही दुखलं नाही.

बंदूक सोबत नेतेय. तुला सांगावं असं माझं एकही काम आता उरलेलं नाही.

नोलीन