फियाटचा बिल्ला

८ सप्टेंबर, सांगली

निघालो होतो साताऱ्याला, नोकरीचं विचारायला. वडूजच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागलेली दिसली — बसलो.

वडिलांच्या, आबांच्या, एकाहत्तर सालच्या फियाटचा बिल्ला दोन वर्षांपूर्वी चोरीला गेला. तेव्हापासून गाडी गोठ्याशेजारी उभी. बिल्ल्याला हात लावून कपाळाला टेकवल्याशिवाय आबांनी कधी चावी फिरवली नाही. मला उचलून तसंच करायला लावायचे. उन्हात चटका बसायचा, तरी मजा वाटायची. आता म्हणतात, "नाक न्हाई तिला. कसा बसू?" दिवसभर ओसरीवर गप्प.

खंडेनवमीच्या पूजेआधी बिल्ला आणायचाच.

जुन्या स्पेअरचं दुकान आहे नेमिनाथशेठचं. त्यांनी मलाच विचारलं, "कुठला पायजे? कंपनीचा आदी पानांच्या माळंतला गोल, मग लाल चौकोन, मग चार तिरपे ठोकळे. पुढं हितं नावच प्रीमियर झालं. दर पिढीला नवं कुंकू, गड्या."

आमचा लालवाला.

९ सप्टेंबर

नोकरीचं राहिलंच.

१४ सप्टेंबर, जत

शेठनी सांगितलेल्या धुळा मेंढपाळाच्या रानात फियाट सापडली. चाकं नाहीत, आत कोंबड्या. मेंढ्यांची लोकर कातरणं बघत बसलो, दुपार तिथंच गेली. बिल्ला मागितला तर धुळा म्हणतो, "ने की रं. कोंबड्यास्नी कुठं साताऱ्याला जायाचंय?"

लाल, चार अक्षरं. हुबेहूब आमचा. एसटीत सारखा खिसा चाचपत होतो.

१ ऑक्टोबर, वडूज. खंडेनवमी

गाडी धुतली, झेंडू बांधला, बिल्ला बसवला. आबांनी एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. हात कपाळाला टेकवला. किती दिवसांनी हसले!

"उद्या सोनं द्यायला साताऱ्याला, आक्काकडं. गाडी मी घेनार." मग म्हणाले, "शिवतेज कुठं गेला? चावी आणाय सांग त्याला."

मी समोरच उभा होतो.

घरात मी टिकतोच कुठं, म्हणून इतकं झालेलं कळलं नाही. आई मला देव्हाऱ्यापाशी घेऊन गेली. देवांच्या टाकांमागून कुंकवानं माखलेलं काहीतरी काढलं. पदरानं पुसलं. आमचा बिल्ला.

"मीच काढला. चोरीला गेला म्हनलं. साखरंनं डोळं गेलं, तरी गाडी सोडत न्हवतं. माझं ऐकत्यात व्हय ते? गाडीचंच ऐकत्यात."

२ ऑक्टोबर. दसरा

आबा गाडीपाशी गेले. हात फिरवला. खूप वेळ फिरवत राहिले.

"परत न्हेला का रं?"

"व्हय आबा."

देव्हाऱ्यात आता दोन बिल्ले आहेत.