बाबांनी न प्यालेली कॉफी

करक, ४ सप्टेंबर

चि. मिफ्लेह यास नोफाताईचा सलाम आणि उदंड आशीर्वाद. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन मी पिठाच्या डब्यात ठेवला आहे आणि निवडणूक होईपर्यंत तो तिथेच राहणार. झालं असं की परवा फोनवर आपल्या सत्तामचा आवाज आला. नगरपालिकेच्या निवडणुकीतून मी माघार घेतो, गावाने मला माफ करावं, असं अगदी रडवेल्या सुरात सांगत होता. मी अल्लाचे आभार मानले आणि गल्लीभर बक्लावा वाटला. दुपारी सत्ताम स्वतःच दारात उभा, हातात माझ्याच बक्लाव्याचा तुकडा. तो आवाज म्हणे विरोधकांनी यंत्राकडून करून घेतला होता. सख्ख्या बहिणीने आपल्या माघारीचं तोंड गोड केलं, हे त्याला फार लागलं आहे. तेव्हापासून मी ठरवलं, हाताने लिहिलेलं तेवढंच खरं. तुझं अक्षर तर इतकं गिचमीड आहे की त्याची नक्कल कुठल्याही यंत्राला जमायची नाही. पत्र बसवाल्या अबू गालिबकडे देत जा. तो थेट माझ्या दाराशी येऊन हॉर्न वाजवतो.

इथे सत्तामचा प्रचाराचा तंबू चौकात लागला आहे. लोक येतात, मन्सफ चापतात, ढेकर देतात आणि विरोधकाच्या तंबूत कुनाफा खायला जातात. जाहीरनामाही यंत्रानेच लिहिला. त्यात करकला मासेमारी बंदर बांधून द्यायचं वचन आहे. आपण डोंगरावर राहतो हे यंत्राला ठाऊक नसेल, पण सत्तामने तरी छापायच्या आधी खिडकीतून बाहेर बघायचं. खाली समुद्र आहे तो मृत समुद्र, त्यात मासा एक क्षण जगत नाही. तरी शेजारचे हाजीसाहेब मला रोज विचारतात की ताजी मासळी कधीपासून मिळेल.

आता कामाचं. सत्ताम म्हणाला की बाबांचं काहीतरी बोलतं चित्र करायचं काम त्याने तुझ्यावर सोपवलं आहे. मिफ्लेह, बाबांना यात ओढू नकोस. माणूस जिवंतपणी कुणाच्या तंबूत शिरला नाही, मेल्यावर कशाला न्यायचा? सोबत वाळवलेल्या दह्याचे गोळे पाठवते आहे. बायको गेल्यापासून तू डब्यातले मासे खाऊन जगतोस असं कळलं. लोभ आहेच, तो दह्यासारखा आंबू देऊ नकोस.

तुझी ताई,
नोफा

अम्मान, ६ सप्टेंबर

ती. नोफाताईस मिफ्लेहचा सलाम. वि. वि.

दही पोचलं. अक्षराबद्दलची टीका मान्य नाही. तीस वर्षं मी फळ्यावर भूगोल लिहिला, एकाही मुलाने तक्रार केली नाही. त्यांनी वाचलाच नसेल तर तो दोष माझा नाही.

तू या यंत्रांना उगाच घाबरतेस. मी इथे ग्रंथालयात ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि नीती’ या विषयावरचं व्याख्यान ऐकून आलो आहे आणि मला त्यातलं बरंच कळतं. वक्ते म्हणाले की यंत्र चांगलंही नसतं आणि वाईटही नसतं, वापरणाऱ्याच्या मनात काय आहे ते बघावं. माझ्या मनात काय आहे? थोरल्या भावाला मदत. मग बाबांची हरकत असेलच कशाला? जगभरचे पुढारी जिवंत माणसांच्या तोंडी नको ते घालताहेत. मी तर आपल्याच बापाच्या तोंडी एक साधं वाक्य घातलं आहे की सत्ताम माझा मुलगा आहे, त्याला मत द्या. यातला पहिला अर्धा भाग तर सरकारदफ्तरी नोंदलेला आहे.

चित्र तयार होऊन दादाकडे गेलंही. बाबांचा आवाज आपल्याकडे नव्हता, म्हणून यंत्राने स्वतःहून एक दिला. तो थोडा कैरोच्या बातमीदारासारखा वाटतो, पण भारदस्त आहे. फोटो तर आपल्याकडे एकच, गावातल्या झैदानच्या घरच्या बैठकीतला. तो कुठल्या दिवशीचा आहे ते मला माहीत आहे, तू आठवण करून देऊ नकोस. मला फक्त चेहरा हवा होता. बाकीची हालचाल यंत्र आपल्या आपण करतं. मी तर चित्र शेवटपर्यंत बघितलंही नाही. बाबा डोळे मिचकावू लागले तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं आणि मी उठून गेलो.

रागावू नकोस. तुझ्या शिव्यांचीही सवय आहे आणि मायेचीही, दोन्ही चालू ठेव.

तुझा धाकटा,
मिफ्लेह

करक, ९ सप्टेंबर

मिफ्लेह,

आशीर्वाद आज नाहीत, पुढच्या वेळी बघू.

शेवटपर्यंत बघितलं नाहीस ना? सगळ्या गावाने बघितलं. काल सत्तामने तंबूत भलामोठा पडदा लावला. बाबा बोलू लागले, तेही कैरोच्या बोलीत. लोकांनी तेवढं मोठ्या मनाने सोडून दिलं. म्हातारपणी बाबांना प्रवास घडला असेल असं कोणीतरी म्हणालं. मत द्या म्हणून झालं आणि मग बाबांनी समोरचा पेला उचलला, तोंडाला लावला आणि कॉफी पिऊन टाकली. वर मिशा पुसून हसले.

हाजीसाहेबांच्या हातातला घास तसाच राहिला.

अम्मानमध्ये राहून तू विसरला असशील म्हणून लिहिते. मागणी घालायला गेलेल्या मंडळींच्या म्होरक्यापुढे कॉफी ठेवतात. मागणी मान्य झाली की घरधनी म्हणतो, प्या. तोवर पेल्याला हात लावायचा नाही. त्या दिवशी बाबा तुझ्यासाठी झैदानच्या बहिणीला, फिद्दाला मागायला गेले होते. झैदानच्या मामाने नवा कॅमेरा आणला होता, त्याने हौसेने आधीच फोटो काढून ठेवला. मग झैदानच्या बापाने सांगितलं की शाळामास्तराला मुलगी द्यायची नाही. बाबा उठले आणि कॉफी तशीच ठेवून आले. त्यानंतर मरेपर्यंत त्या घरचं पाणीसुद्धा प्याले नाहीत. तो पेला त्यांनी तुझ्यासाठी सोडला होता रे. आणि तू त्यांना तो पाजलास. मला काल रात्रभर रडू येत होतं आणि मधूनच हसूही येत होतं. दोन्हीला तूच जबाबदार.

आता पुढचं ऐक. झैदान तंबूत उठून उभा राहिला आणि म्हणाला की अबू सत्ताम, म्हणजे आपले बाबा, आमच्या बैठकीत आमची कॉफी प्याले, अख्खं गाव साक्षीला आहे, म्हणजे मागणी मान्य झाली. आमची फिद्दा तुमची झाली, घेऊन जा. बरेच जण हसले, पण तो हसत नव्हता. बहिणीच्या शिस्तीला तो किती वर्षं कंटाळला आहे ते सगळ्यांना माहीत आहे. सरकारी दवाखान्यातून मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झाली, पण घरात अजून सकाळी पाहणीला निघते आणि झैदानला नखं दाखवायला लावते.

सत्ताम कात्रीत सापडला आहे. चित्र खरं म्हणावं तर सोयरीक जुळली. खोटं म्हणावं तर बाबांचा पाठिंबाही खोटा. वडीलधारे तंबूत बसून तोड काढताहेत आणि मन्सफ संपवताहेत. मूळची बुद्धी कमी पडली की माणूस कृत्रिमच्या मागे लागतो, हे तुझ्या त्या वक्त्याला माझ्या नावाने सांग.

नोफा

अम्मान, १० सप्टेंबर

ती. ताईस साष्टांग सलाम. वि. वि.

चित्र आता शेवटपर्यंत पाहिलं. तोंड दाखवायला जागा राहिली नाही. यंत्राला वाटलं, समोर पेला आहे म्हणजे माणूस पिणारच. न पिता उठण्यातही काही असू शकतं हे त्याला कुठून कळणार? पण मला कळायला हवं होतं. बाबांच्या कबरीवर जाऊन माझ्या वतीने दोन शब्द बोल. मी स्वतः येईनच, पण आधी तू जाऊन त्यांना जरा शांत कर.

फिद्दा यावर काय म्हणाली ते तू लिहिलं नाहीस. सहज विचारतो.

वर्तमानपत्रात खुलासा छापावा असं माझ्या मनात आहे. मसुदा केला, पण त्यात ‘पेला’ शब्द इतक्यांदा आला की दारूबंदीची जाहिरात वाटते. फिद्दा तंबूत होती का? म्हणजे तिने ते स्वतः पाहिलं का, की कोणी सांगितलं? लग्न न करता राहिली हे मी ऐकून होतो. कारण कधी कोणाला विचारलं नाही, मला तो अधिकारही नव्हता.

दुसरं म्हणजे, माझा निळा सूट तुला आठवतो का? तो आता फार जुनाट दिसेल का? याचा वरच्या मजकुराशी संबंध नाही. आशीर्वाद थकबाकीसह पाठवावेत.

तुझा,
मिफ्लेह

करक, १३ सप्टेंबर

चि. मिफ्लेह यास सलाम आणि (हो, पाठवते आहे) आशीर्वाद. वि. वि.

सत्तामने तोड काढली. काल तंबूत जाहीर केलं की चित्र तोंडापर्यंत खरं आणि पेल्यापासून पुढे खोटं. बोलले ते बाबा, प्यालं ते यंत्र. टाळ्या पडल्या. असा माणूस नगरपालिकेत वाया जाईल, याला थेट संसदेत पाठवा असं कोणी म्हणालं. झैदान म्हणाला, मग मत पण त्या तोंडालाच द्या, सत्तामला कशाला? वडीलधाऱ्यांनी आणखी मन्सफ मागवला.

फिद्दा तंबूत नव्हती. बायकांना वेगळा तंबू आहे आणि त्यात पडदा लावायला कोणाला सुचलं नव्हतं. ती काल संध्याकाळी माझ्याकडे आली. पिठाच्या डब्यातून फोन काढायला लावला, चित्र बघितलं, मग परत एकदा बघितलं. माझा रक्तदाब मोजला, तो वाढला आहे म्हणून मलाच रागावली आणि कागद मागितला. तिने लिहिलेलं सोबत बंद करून पाठवते आहे. मी वाचलेलं नाही. गोंद ओला होता म्हणून पाकीट जरा उघडलं तेवढंच.

निळा सूट जुनाट दिसेल. तरी तोच घाल.

लोभ वाढव, चरबी कमी कर.

नोफाताई

करक, १२ सप्टेंबर

श्री. मिफ्लेह यांस फिद्दाचा सलाम. वि. वि.

तुमच्या वडिलांना बोलतं पाहिलं. खरे अबू सत्ताम इतके हसत नसत.

त्या दिवशी मी बैठकीच्या दाराआड उभी होते. ती कॉफी मी केली होती. तुमच्या वडिलांनी मागणी घातली, माझ्या वडिलांनी नाकारली, दोघांनी मिळून माझं आयुष्य ठरवलं आणि माझ्या वडिलांनी आत येऊन मला पेला विसळायला सांगितलं. मला कोणी विचारलं नाही. आता इतक्या वर्षांनी तुमच्या यंत्राने कॉफी प्यायली, माझ्या भावाने मला देऊन टाकली आणि तुमचा भाऊ मतांची बेरीज करतो आहे. वडीलधारे तंबूत बसून माझ्याबद्दल निवाडा करताहेत. याही वेळी मला कोणी विचारलेलं नाही. यंत्राचं मी समजू शकते, त्याला माझी ओळख नाही.

तुम्हाला काही विचारायचं असेल तर मला विचारा. भावाला, बापाला, पुढाऱ्याला मध्ये आणू नका. त्याआधी चौकात उभं राहून ते चित्र पुरतं खोटं आहे असं सांगा, अर्धवट नाही. तुमच्या वडिलांनी तो पेला सोडला होता. तेवढा एकच मान त्या दिवशी कोणी राखला होता, तो त्यांचा त्यांना परत द्या.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर मी घरी असते. नखं कापून यावं.

कळावे,
फिद्दा

अम्मान, २३ सप्टेंबर

ती. नोफाताईस मिफ्लेहचा सलाम. वि. वि.

शुक्रवारी तुझ्या गल्लीपर्यंत आलो आणि तुझ्या दारावर न थांबता परतलो, याबद्दल माफ कर. तू खोदून खोदून विचारलं असतंस आणि मला नीट सांगता आलं नसतं. कागदावर जमेल असं वाटतं.

मी तंबूत काय बोललो ते तू बायकांच्या बाजूने ऐकलंच असशील. दादाने माझा सूट मागून ओढला, तो शिवणीत उसवला, तरी मी बोललो. चित्र सगळं खोटं आहे, आवाज खोटा, पाठिंबा खोटा, आणि माझे वडील ती कॉफी कधीही प्याले नाहीत. बोलताना बाबा शेवटच्या रांगेत बसले आहेत असं मला सारखं वाटत होतं. दादा हरला तो माझ्यामुळे, असं तो म्हणतो. हाजीसाहेबांच्या मते तो बंदरामुळे हरला, कारण विरोधकाने विमानतळ कबूल केला होता. निकालाच्या दिवशी तू पुन्हा बक्लावा वाटलास असं अबू गालिब सांगत होता. दादाने या वेळी दोन तुकडे खाल्ले म्हणे, म्हणजे राग उतरतो आहे.

मग उसवलेल्या सुटात फिद्दाकडे गेलो. झैदानला तिने बाजारात पिटाळलं होतं. तिने माझी नखं पाहिली. मी तिलाच विचारलं. इतकं तोंडपाठ केलं होतं, पण एकच वाक्य आठवलं आणि तेही अर्धं. तिने पेला पुढे ठेवला आणि प्यायला सांगितलं. मी म्हटलं, होकार मिळेपर्यंत पिता येत नाही, रीत आहे. ती म्हणाली, ती रीत पुरुषांनी पुरुषांकडे मागण्याची आहे. इथे मी बसले आहे आणि कॉफी थंड होते आहे.

मी प्यालो, ताई. शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो आणि हात इतका कापत होता की पेला हलवून ‘पुरे’ अशी खूण करायला वेगळे कष्ट पडले नाहीत. तिला वाटलं मी आणखी कॉफी नको म्हणतो आहे, म्हणून ती हसली. पूर्वी झैदानकडे गेलो की दाराआडून ऐकू यायचं तेच हसू.

होकार अजून दिलेला नाही. विचार करते म्हणाली, आणि पुढच्या शुक्रवारी परत बोलावलं आहे. सुटाचा कोट शिवून ठेवायला मागून घेतला. मी बसमध्ये सदऱ्यावरच आलो.

बाबांच्या कबरीवर गेलीस तर सगळं सांग. एवढं मात्र त्यांच्या कानातच सांग, फिद्दाला कळू देऊ नकोस की ती कॉफी फार म्हणजे फारच वाईट करते. बाबा त्या पेल्याला हात न लावता उठले, यात थोडं त्यांचं नशीबही होतं. मी मात्र दर शुक्रवारी पिणार आहे.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस, आणि फोन आता पिठातून काढ.

तुझा,
मिफ्लेह