नाटकातली म्हैस

कळंबा, गुरुवार

प्रिय बायडाआत्या,

आधी पाया पडते, मग बसते लिहायला. तुझा गुडघा जिना चढू देतो का? कागलला थंडी पडली असेल, तेल चोळत जा. फोनच केला असता, पण आबा समोर बसलेले असतात. आम्ही सगळे बरे आहोत. (आबाही बरे आहेत, फक्त माझ्याशी बोलत नाहीत. बँकेची परीक्षा सोडून मी शाळेत लागले, तेव्हापासून. घरातली पहिली पदवी आणि ती चौथीच्या पोरांवर घालवली, असं त्यांनी सांगितलं, तेही मला नाही, आमच्या म्हशीला, चंद्रीला. धार काढताना. मी शेजारीच उभी होते.)

सांगायचं ते वेगळंच. मी मुलांना नाटुकलं लिहायला शिकवते आहे. त्यांना तलावाकाठी बसवून म्हटलं, डोळे मिटा, घरात माणसं कशी बोलतात ते आठवा आणि तसंच लिहा. पाण्यावर ऊन हलत होतं. मुलं इतकी शांत बसली की वाटलं, जग बदलायला एवढं पुरे. (दोघं झोपली होती, हे नंतर कळलं.)

मग त्यांनी लिहिलेलं वाचलं. नाटकात आजी, सून, बाप, पोरगी सगळे आहेत, पण एकमेकांशी कुणीच बोलत नाही. सगळे म्हशीशी बोलतात. आजी म्हणते, "सुनेला सांग गं बाई, च्यात साखर घालत जा म्हणावं." सून म्हणते, "सासूला म्हणावं, डाक्टरनी बंद केलीया." मी समजावलं, संवाद म्हणजे माणसांनी एकमेकांशी बोलणं. तर संग्राम म्हणाला, "मॅडम, मग भांडाण हुतंय की." म्हशीला सबंध नाटकात कंसातलं तेवढं आहे: रवंथ करते. मुख्याध्यापक हंबीररावसरांनी विचारलं, नायिका कोण? मी म्हटलं, म्हैस. त्यांनी वहीत 'म्हैस' असं लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

आता संध्याकाळी तलावावरून परतणाऱ्या म्हशी दिसल्या की मी थांबते. किती घरांचं बोलणं पाठीवर घेऊन चालल्या आहेत, आणि एकीच्याही तोंडून काही बाहेर पडत नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी प्रयोग आहे. शेवटी पोरगी म्हशीला म्हणते, आबांना सांग, मी शाळेत खूश आहे, आणि त्यांनी एकदा येऊन बघावं. हे मुलांनीच लिहिलं आहे. (मी दुरुस्त केलं, थोडं.)

तुझी,
तेजस्वी

ता. क. मुलं खऱ्या म्हशीशिवाय बोलायला तयार नाहीत. आणि आबांनी दावं धरल्याशिवाय चंद्री गोठा सोडत नाही. तुझा शब्द ते मोडत नाहीत, तेवढा एक फोन त्यांना कर.

आणखी एक. पुठ्ठ्याची म्हैस कालच तयार झाली. शिंगंसुद्धा छान वळली आहेत, मुलं तिच्याशी तासभर बोलत होती. हे आबांना सांगू नकोस.